औषध मारूनही बुरशी परत येते? आधी ती मेली होती का, ते बघा

"औषध मारलंय मा, तरी ही मेली परत इली!"

कुडाळच्या बाजूला एका कोकम सरबताच्या युनिटात भिंत पुसणाऱ्या मावशी मला हे म्हणाल्या. मालवणी बाईच्या तोंडी 'मेली' म्हणजे शिवी, पण माझं सगळं काम त्या एका शब्दाभोवतीच फिरतं. बुरशी खरंच मेली होती, की औषधाच्या वासाने चार दिवस गप्प बसली होती?

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत आंब्याचा पल्प, कोकम, आवळा, फणसपोळी करणाऱ्या छोट्या युनिटांत मी तपासणीचं काम करते. तक्रार दर वर्षी तीच असते, सहसा मिरग लागून पंधरा दिवस झाले की फोन सुरू होतात: "जंतुनाशक बोगस निघालं, दुसरं सुचवा." दुसरं सुचवणं सोपं आहे. पण मी तपासायला जाते तेव्हा औषध बहुतेक वेळा ठीक निघतं आणि चूक दुसरीकडेच असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून औषध बदलण्याआधी काय काय बघायचं, ते एकदाच लिहून ठेवते. आधी फुकटातल्या गोष्टी, लॅबच्या गोष्टी नंतर.

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढे वाचा:

- भिंत, छत, कोल्ड रूमच्या दाराचं रबर धुऊन काढलं तरी आठ-दहा दिवसांत काळे-हिरवे ठिपके दिसतात.
- सिरपची बाटली उघडताना फस्स आवाज येतो, वर फेस असतो, आंबूस दारूसारखा वास येतो. हे यीस्टचं काम.
- खोलीत ब्लीचचा वास भरलेला असतो, परिणाम मात्र शून्य.
- लॅबमध्ये एकाच बाटलीतलं औषध या आठवड्यात पास होतं, पुढच्या आठवड्यात नापास.
- लॅबची प्लेट (जिच्यावर जिवंत राहिलेली बुरशी उगवून मोजतात ती बशी) कोरी करकरीत, भिंत काळी.

या शेवटच्या लक्षणाने मला सगळ्यात जास्त फसवलं आहे. त्याच्याकडे सावकाश येऊ.

पेन्सिलीचं वर्तुळ

सगळ्यात स्वस्त तपासणी. भिंत पुसण्याआधी ठळक ठिपक्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळं काढा. मग नेहमीसारखं औषध मारा आणि रोज बघा.

ठिपका त्याच वर्तुळात, त्याच आकारात पुन्हा उगवला तर आधीची बुरशी मेलीच नव्हती, वरचा रंग तेवढा पुसला गेला होता. नवे ठिपके वर्तुळाबाहेर, भलतीकडे आले तर औषधाने काम केलंय आणि बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, बाहेरून नव्याने येत आहेत. ही दोन दुखणी वेगळी आहेत. दुसऱ्या प्रकारात कितीही भारी औषध आणलं तरी उपयोग नाही, कारण मेलेल्यांच्या जागी रोज नवे पाहुणे येणार.

पाहुणे कुठून येतात ते शोधायला फार हिंडावं लागत नाही. मे महिन्यात पल्पच्या युनिटाच्या मागच्या दाराशी बाठ्यांचा ढीग असतो, कोकमवाल्यांकडे बियांचा आणि सालींचा. त्यावर हिरव्या-काळ्या बुरशीची साय धरलेली असते आणि वारा समुद्राकडून आत येतो. ढीग हलवा, दार बंद ठेवा, गोणपाटं आत आणू नका. एका ठिकाणी एवढ्यावरच माझं काम संपलं होतं, फी मागायलाही लाज वाटली. (मागितली.)

लेबल

आता चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. 'जंतुनाशक' म्हणजे 'बुरशीनाशक' नव्हे. बॅक्टेरिया मारणारं औषध बुरशी मारेलच असं नाही. बुरशीतही दोन पायऱ्या आहेत. युरोपीय चाचणीच्या भाषेत 'यीस्टनाशक' म्हणवून घ्यायला औषधाने कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट मारून दाखवलं की पुरतं. 'बुरशीनाशक' म्हणवून घ्यायचं तर कॅन्डिडाबरोबर ॲस्परजिलस ब्राझिलिएन्सिस या काळ्या बुरशीचे बीजाणूही मारावे लागतात. या बुरशीचा चाचणीसाठी वापरला जाणारा वाण पूर्वी ॲस्परजिलस नायजर या नावाने ओळखला जायचा, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव असतं. यीस्टची पेशी त्या मानाने मऊ. काळ्या बीजाणूची भिंत जाड, त्यात रंगद्रव्य, वर पाणी न धरणारा थर. यीस्ट ज्या मात्रेला मरतं त्या मात्रेला बीजाणू बहुधा तग धरतात. सरबतात यीस्टचा त्रास असेल तर पहिल्या प्रकारचं औषध चालेल, भिंतीच्या काळ्या ठिपक्यांना चालणार नाही.

काळ्या फिनाईलच्या डब्यावर 'आर. डब्ल्यू. कोएफिशियंट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही रिडील आणि वॉकर यांनी १९०३ साली मांडलेली पद्धत. तुमचं औषध फिनॉलच्या किती पट ताकदीचं आहे ते ती सांगते, पण टायफॉइडच्या जंतूंवर. तो आकडा मोठा दिसला म्हणून बुरशीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आणि ते '९९.९ टक्के'. ऐकायला भरभक्कम वाटतं. एक कोटी बीजाणूंतले ९९.९ टक्के मेले तर दहा हजार जिवंत उरतात. लॅबच्या भाषेत हे ३ लॉग, म्हणजे तीनदा दहापट घट. अन्न आणि औद्योगिक क्षेत्रासाठीच्या ईएन १६५० या युरोपीय चाचणीत यीस्ट आणि बुरशी दोन्हींसाठी ४ लॉग लागतात, म्हणजे ९९.९९ टक्के. तरीही कोटीतले हजार उरतातच. ओल्या भिंतीला हजार पुष्कळ झाले.

घड्याळ आणि माप

लेबलवर १० मिनिटं लिहिलं असेल तर पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहायला हवा. औषध मारा आणि घड्याळ लावून बघा. उन्हाळ्यात पंखा सुरू असला की स्टीलचं टेबल तीन-चार मिनिटांत कोरडं होतं. अल्कोहोल तर त्याहून लवकर उडतं. कोरड्या पृष्ठभागावरचं औषध काम करत नाही. वेळ भरत नसेल तर पंखा बंद करा किंवा दुसरा हात मारा.

आषाढात याच्या उलट होतं. भिंत सुकतच नाही, पण ती आधीच पाण्याने निथळत असते. तुम्ही मोजून केलेलं द्रावण भिंतीवरच्या पाण्यात आणखी पातळ होतं. आधी कोरड्या फडक्याने पाणी टिपून घ्या.

माप हा तर कायमचा घोळ. "बादलीला एक झाकण." कुठली बादली? कुठलं झाकण? हिशेब साधा आहे. ५ टक्के हायपोमध्ये, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या औषधात, लिटरला ५०,००० मिलिग्रॅम क्लोरीन असतं. २०० पीपीएम (लिटरला २०० मिलिग्रॅम) हवं असेल तर लिटरला ४ मिली, १,००० पीपीएमला २० मिली. पाच रुपयांचा मोजकप बादलीला सुतळीने बांधून ठेवा. सुतळी महत्त्वाची, नाहीतर कप चहाला जातो.

आधी धुतलं का?

पल्पचा थर, साखरेचा चिकटा, कोकमाचा रस यांच्यावर औषध मारलं तर क्लोरीन आधी तो मळ खातं आणि बुरशीपर्यंत पोचायच्या आत संपतं. वास मात्र येत राहतो, म्हणून लोकांना वाटतं की औषध जोरात आहे. वास हा ताकदीचा पुरावा नाही. आधी धुणं, मग खळखळून पाणी, मग औषध.

इथे एक धोका ठळक सांगते. कोकमाचं आगळ आंबट आहे. सांडलेल्या आगळावर, किंवा संडास साफ करायच्या ॲसिडच्या पाठोपाठ, हायपो किंवा ब्लिचिंग ओतू नका. आम्लाशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाला आडवा करतो. खोकला, डोळ्यांची आग सुरू झाली तर सामान तिथेच टाकून बाहेर पडा.

दुसरी गाठ साबणाची. बीकेसी (बेन्झाल्कोनियम क्लोराइड) किंवा तत्सम क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम जातीची औषधं आणि साधा धुण्याचा साबण किंवा पावडर एकमेकांचे वैरी. साबण ऋणभारित, क्वाट धनभारित, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि औषध निकामी होतं. खात्री करायची तर काचेच्या ग्लासात तुमच्या साबणाचं पाणी घ्या आणि त्यात औषधाचं द्रावण ओता. दह्यासारखं गढूळ झालं की समजा जमिनीवरही हेच होतंय. क्वाटच्या बादलीत सुती फडका तासन्तास बुडवून ठेवणंही तोट्याचं, सूत औषध शोषून घेतं आणि बादलीत उरतं नुसतं पाणी. मावशींच्या युनिटात नेमकं हेच चाललं होतं. सकाळी बुडवलेला फडका दुपारपर्यंत त्याच बादलीत.

जेरीकॅन आणि विहीर

ब्लिचिंग पावडरीची गोणी ताजी असताना तिच्यात साधारण ३० टक्क्यांच्या वर क्लोरीन असतं. तोंड उघडं राहून तिने एक पावसाळा काढला की तिचा दगड होतो आणि ताकद निघून जाते. द्रवरूप हायपोला ऊन आणि उष्णता सोसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेलं जेरीकॅन मी लेबलवरच्या आकड्यावर कधीच वापरत नाही. आधी तारीख बघा, मग क्लोरीनच्या पट्टीने द्रावण तपासा. पट्टी द्रावणात बुडवायची, मूळ औषधात नव्हे. फार तीव्र क्लोरीनमध्ये तिचा रंगच उडतो आणि 'काहीच नाही' असं दिसतं.

लॅब असेल तर टायट्रेशन करा. पोटॅशियम आयोडाइड, थोडं ॲसेटिक ॲसिड आणि ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. थायोसल्फेटच्या प्रत्येक मिलीला ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन. दहा मिनिटांचं काम आहे आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

विहिरीचं म्हणाल तर जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरीचं पाणी सहसा मऊ असतं. खाडीकाठच्या विहिरी मात्र चैत्र-वैशाखात मचूळ होतात. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते पाणी जड, आणि जड पाण्यात क्वाटची ताकद घटते. लॅबच्या चाचणीत मुद्दाम ३०० पीपीएम कठीणपणाचं पाणी वापरतात ते याचसाठी. डिस्टिल्ड पाण्यात पास झालेलं औषध वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी नापास होऊ शकतं, त्यात कोणी खोटं बोललेलं नसतं.

फुग्याची चाचणी

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरीही औषधावर संशय असेल तर बेकरीचं सुकं यीस्ट आणा. ही चाचणी फक्त क्लोरीनच्या औषधांसाठी आणि फक्त यीस्टसाठी आहे.

आधी एक शब्दाचा घोटाळा सोडवते. कारखान्यात 'हायपो' म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे औषध. जुन्या फोटो स्टुडिओत 'हायपो' म्हणजे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे त्याच औषधाचा उतारा. एकाच नावाने मारणारा आणि वाचवणारा! एका लॅबने फोनवर नुसतं 'हायपो' मागवलं आणि आठवडाभर उताऱ्यानेच ओटा पुसला. मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन घालवायला जे खडे मिळतात ते बहुधा थायोसल्फेटच असतात. लेबल वाचून घ्या.

कपभर कोमट पाण्यात पाव चमचा यीस्ट दहा मिनिटं भिजवा. तीन बाटल्या घ्या. पहिलीत साधं पाणी, दुसरीत वापरायच्या मात्रेचं औषध, तिसरीत तेच औषध पण त्यात आधीच दोन चिमटी उतारा घालून, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसेपर्यंत ढवळलेलं. तिन्हीत एकेक चमचा यीस्टचं पाणी घाला. लेबलवरची वेळ झाली की पहिल्या दोन बाटल्यांतही उतारा घाला. मग सगळ्यांत चमचाभर साखर, तोंडाला फुगा, आणि सकाळी बघा.

पहिला आणि तिसरा फुगा वर आला, दुसरा लोंबकळत राहिला, तर औषध यीस्ट मारतंय. दुसराही फुगला तर औषध किंवा मात्रा कुचकामी. आणि तिसरा फुगलाच नाही तर? तर चाचणीच फुकट गेली. उतारा पुरला नव्हता आणि औषध रात्रभर यीस्टला दाबून बसलं होतं. ही तिसरी बाटली विसरू नका, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

याची मर्यादाही ऐका. फुगा न फुगणं म्हणजे 'पुष्कळ मेली' एवढंच. किती, ते तो सांगत नाही. या निकालावर कोणाला सर्टिफिकेट देऊ नका.

लॅबमध्ये: कोरी प्लेट खोटं बोलते

आता ज्यांच्याकडे ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर आणि हात बसलेला माणूस आहे त्यांच्यासाठी.

द्रावणातली चाचणी थोडक्यात अशी. १ मिली मळाचा पदार्थ, १ मिली यीस्टचं किंवा बीजाणूंचं द्रावण (मिलीला दीड ते पाच कोटी पेशी) आणि ८ मिली औषध. २० अंश सेल्सियसला १५ मिनिटं. मग त्यातला १ मिली काढून उताऱ्यात, म्हणजे न्यूट्रलायझरमध्ये टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं, मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट अगारवर घालायचं, ३० अंशांवर ठेवून कॉलन्या मोजायच्या. मळ म्हणून बोवाइन अल्ब्युमिन हे गाईच्या रक्तातलं प्रथिन वापरतात. स्वच्छ स्थितीसाठी लिटरला ०.३ ग्रॅम, घाण स्थितीसाठी ३ ग्रॅम. पल्पच्या युनिटासाठी मी नेहमी घाण स्थितीच धरते. मेच्या शेवटी कुठल्या पल्पिंग खोलीला तुम्ही स्वच्छ म्हणाल?

आणि २० अंश म्हणजे २० अंश. आमच्याकडे खोलीत ३१ असतं. उष्णतेने औषध जास्त चलाख होतं, म्हणून एसी बंद पडलेल्या दिवशी औषध पास आणि चालू असलेल्या दिवशी नापास. 'एकदा पास एकदा नापास'चं हे सगळ्यात साधं कारण. वॉटर बाथ वापरा.

आता माझी चूक. सुरुवातीच्या काळात मी एका क्वाटची चाचणी तीन महिने केली. प्रत्येक वेळी प्लेट कोरी. मी मालकांना छाती फुगवून सांगितलं की एवढं चांगलं औषध मी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "ताई, भिंत बघायला या." भिंत काळी होती.

मग एक दिवस वैतागून मी त्या कोऱ्या प्लेटवर शंभरेक जिवंत कॅन्डिडाच्या पेशी पसरल्या. दोन दिवसांनी प्लेट कोरीच! म्हणजे औषध थेंबाबरोबर प्लेटवर आलं होतं आणि तिथे बसून सगळ्यांचा गळा धरून होतं. मेलं कोणीच नव्हतं, किंवा किती मेले ते मला कळायला मार्गच नव्हता. मी वापरत होते थायोसल्फेटचा उतारा. तो क्लोरीनला चालतो, क्वाटला त्याचा काही उपयोग नाही. क्वाटला पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन लागतं. साप चावला आणि मी विंचवाचा उतारा देत होते.

म्हणून प्रत्येक चाचणीबरोबर तीन कंट्रोल हवेतच. एक, औषधाऐवजी पाणी वापरून: पेशी त्या परिस्थितीत जगतात का? दोन, नुसत्या उताऱ्यात पेशी: उतारा स्वतःच विषारी नाही ना? तीन, आधी औषध आणि उतारा एकत्र, मग त्यात मोजक्या पेशी: उताऱ्याने औषध खरंच थांबवलं का? या तिन्हींत घातलेल्यांपैकी निम्म्याहून कमी पेशी वर आल्या तर मुख्य निकाल वहीत लिहूसुद्धा नका. उतारा सापडतच नसेल तर मेम्ब्रेन फिल्टरवर गाळून, औषध धुऊन काढून, फिल्टर प्लेटवर ठेवायची पद्धत आहे.

तसंच प्लेट लवकर फेकू नका. ४२ ते ४८ तासांनी मोजा, मग आणखी एक दिवस ठेवून पुन्हा मोजा. अर्धमेले बीजाणू उशिरा उगवतात. त्यांना मेलेल्यांत धरलंत की तुमचं औषध कागदावर शूर होतं.

गुठळ्या आणि कोवळे बीजाणू

कंट्रोल बरोबर आहेत, तापमान बरोबर आहे, तरी निकाल हेलकावे खातोय? मग द्रावण सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. ॲस्परजिलसचे बीजाणू पाणी धरत नाहीत, तांदळावरच्या तुसासारखे वर तरंगतात आणि गुठळ्या करतात. गुठळीच्या पोटातल्या बीजाणूला औषध शिवत नाही, आणि प्लेटवर शंभर बीजाणूंची गुठळी एकच कॉलनी म्हणून मोजली जाते. चूक दोन्ही बाजूंनी. ०.०५ टक्के पॉलिसॉर्बेट ८० घातलेल्या पाण्यात, काचेच्या मण्यांबरोबर हलवा आणि गाळा. बुरशीचे तंतू उरता कामा नयेत. तंतू बीजाणूंपेक्षा लवकर मरतात आणि औषधाला फुकटचे गुण मिळतात.

दुसरी गोष्ट वय. कल्चर ३० अंशांवर ७ ते ९ दिवस वाढवायचं असतं. लाइट गेली, घाई होती, चौथ्या दिवशीच खरवडून घेतलं, असं झालं की बीजाणू गुळगुळीत आणि कोवळे राहतात. पिकलेल्या बीजाणूवर फणसासारखे काटे दिसतात. ७५ टक्के तरी काटेरी दिसले पाहिजेत, नाहीतर ते द्रावण टाकून द्या. कोवळ्यांना मारून दाखवणं हे औषधाचं कौतुक नव्हे.

कल्चर कुठूनही उचलू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी, इथून रीतसर मागवा. भिंतीवरची खरवडलेली बुरशी 'नमुना' म्हणून वाढवणारे मला भेटले आहेत. तिच्यात काय काय आहे, ते तिलाच ठाऊक.

द्रावणात पास, चिऱ्यावर नापास

सगळं नीट झालं, औषध ४ लॉगने पास झालं, आणि वर्तुळात ठिपका परत आला. असं होतं, आणि यात लॅबची चूक नसते. द्रावणातले बीजाणू चारी बाजूंनी औषधात बुडालेले असतात, भिंतीवरचे सुकून चिकटलेले असतात. म्हणून पृष्ठभागाची वेगळी चाचणी आहे, ईएन १३६९७. तिच्यात स्टीलच्या छोट्या चकतीवर बीजाणू सुकवून औषध घालतात आणि बुरशीसाठी ३ लॉग मागतात.

पण स्टील गुळगुळीत असतं. आपला जांभा म्हणजे भोकांचं पोळं! गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या आत बुरशीचे तंतू शिरलेले असतात आणि तिथे औषध पोचत नाही. मी आता अशा भिंतीवर औषधाचा खर्च करायला सांगतच नाही. गिलावा करा, वर धुता येईल असा रंग द्या, आणि त्याआधी ओल कुठून येते ते शोधा. कौलातून, पन्हळीतून की जमिनीतून. ओल राहिली तर रंगाखालूनही फुगवटे येतात.

इथे थांबा

भिंत आतून ओली असेल तर गवंडी बोलवा, केमिस्ट नको.

खोलीत काम करणाऱ्या कोणाला दमा असेल, खोकला हटत नसेल, किंवा एखाद्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर काळी भिंत खरवडण्याचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका आणि त्याला डॉक्टरकडे पाठवा. कोरडी बुरशी ब्रशने घासली की बीजाणूंचा धुरळा उडतो. आधी ओली करा, तोंडाला चांगला मास्क लावा. अख्खं छत काळं झालं असेल तर हे काम तुमचं नाही, माहितगार माणसं बोलवा.

बाजारात गेलेल्या बाटल्या फुगत असतील तर जंतुनाशकाच्या चाचण्या करत बसू नका. तो बॅच थांबवा, दुकानातून परत मागवा आणि अन्न तपासणाऱ्या मान्यताप्राप्त लॅबला नमुने द्या. यीस्ट कदाचित भिंतीवरून आलेलंच नसेल. साखरेच्या दाट पाकात तग धरणारी यीस्टची जातही असते, आणि ती पाइपच्या सांध्यात बसलेली असते.

कॅन्डिडा अल्बिकन्स माणसाला त्रास देऊ शकतं. बायोसेफ्टी कॅबिनेट आणि ऑटोक्लेव्ह नसेल तर ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाढवायचं नाही, हौस म्हणूनही नाही. आणि निकाल लेबलवर छापायचा असेल, गिऱ्हाइकाला किंवा निर्यातीच्या कागदांना जोडायचा असेल, तर तुमच्या-माझ्या वहीतल्या आकड्याला किंमत नाही. त्याला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली लॅबच लागते.

लॅबला पाठवताना औषधाचा सीलबंद डबा, बॅच नंबर, तुमच्या विहिरीचं लिटरभर पाणी आणि एक चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत लिहा: किती मात्रा, किती मिनिटं, किती तापमान, मळ कसला. हे न लिहिता 'बुरशीवर टेस्ट करा' म्हटलंत तर ते त्यांच्या सोयीची स्थिती धरतील. रिपोर्ट हातात आला की शेवटचं पान आधी उघडा आणि न्यूट्रलायझर कुठला वापरला, तिसऱ्या कंट्रोलमध्ये किती कॉलन्या आल्या, ते बघा. छापलेलं नसेल तर फोन करून विचारा. दोनदा विचारून सांगितलं नाही तर पुढचा नमुना दुसऱ्या लॅबला द्या.